वरची एक फूट माती

पोकलेन सकाळी आठला येणार होतं. आदल्या संध्याकाळी मी पाझर तलावाच्या कोरड्या तळात उभी होते आणि उद्या पहिली बकेट कुठे लावायची, हे मला ठरवता येत नव्हतं. हातात चौतीस शेतकऱ्यांची यादी होती, खिशात मोजपट्टी आणि पिशवीत चुन्याची फक्की. पायाखाली भेगाळलेली जमीन. त्यातला कुठला भाग गाळ आणि कुठला मुरूम, हे मला दिसत होतं असं मी मनाला समजावत होते. खरं तर दिसत नव्हतं.

मी सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठची. आमच्याकडे कमरेइतकी काळी माती असते आणि जमीन बिघडते ती जास्त पाण्याने, क्षारपड होऊन. कृषी पदवी घेतल्यावर एका सामाजिक संस्थेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक नंदुरबारला झाली. नवापूरकडे पाऊस भरपूर, डोंगर हिरवे. नंदुरबार तालुक्याच्या पूर्वेकडे मात्र ढग वरून निघून जातात. तिथल्या जमिनी बरड. चार-सहा इंच माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. त्यात बाजरी, ज्वारी आणि विहिरीला पाणी असेल तर मिरची. नंदुरबार शहराभोवती लाल मिरचीच्या पथाऱ्या मैलभर पसरलेल्या दिसतात. त्यातली काही मिरची असल्या वीतभर मातीतून येते, हे मला इथे आल्यावर कळलं.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्य सरकारने मे २०१७ मध्ये आणली. तलावातला गाळ काढायचा आणि शेतात पसरायचा. तलावाची साठवण वाढते, शेताला माती मिळते. गाळ फुकट, वाहतूक शेतकऱ्याची. २०२३ पासून अल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या शेतकऱ्यांना वाहतुकीसाठीही घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे मिळू लागले. त्याला मर्यादा एकरी १५,००० रुपयांची आणि जास्तीत जास्त अडीच एकरांची. वाळू काढायला सक्त मनाई. हे सगळं मला तोंडपाठ होतं. वरिष्ठांनी सांगितलं होतं, “नियोजन तू कर.” नियोजन म्हणजे काय, ते मात्र विचारायचं राहून गेलं.

हिशेब मला सोपा वाटला होता. एकराला चार इंचांचा थर द्यायचा तर ४०० घनमीटर गाळ लागतो. गावात घनमीटर कोणी म्हणत नाही, ब्रास म्हणतात. ४०० घनमीटर म्हणजे १४० ब्रास, आणि ट्रॅक्टरची एक ट्रॉली म्हणजे ढोबळमानाने एक ब्रास. यादीतल्या चौतीस जणांची मागणी एकूण पन्नास एकरांची, म्हणजे वीस हजार घनमीटर. माझ्या मोजणीप्रमाणे तलावात गाळ होता जेमतेम नऊ हजार. त्यातही मी खणून पाहिलेले तिन्ही खड्डे नाला तलावात येतो त्या बाजूचे होते. ती जागा वाळलेली, चालायला सोपी, गाड्या लावायला सोयीची.

अंधार पडायच्या आधी एक आबा बांधावरून उतरून आले. सत्तरी उलटलेली, डोक्याला पांढरा रुमाल. माझ्या खड्ड्यातली माती हातात घेऊन म्हणाले, “हाऊ गाय नही शे बेटा.” मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, गाळाला ते ‘गाय’ म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग त्यांनी सावकाश, मला समजेल अशा मराठीत सांगितलं की पाणी तलावात शिरतं तिथे जोरात असतं. वाळू, खडे तिथेच टाकतं. पुढे त्याचा जोर संपतो. बारीक माती सगळ्यात शेवटी, भरावाजवळच्या शांत पाण्यात खाली बसते.

त्यांनी मला भरावाच्या बाजूला नेलं आणि कुदळीने गुडघाभर खड्डा घेतला. त्या खड्ड्याची भिंत मी कधी विसरणार नाही. वहीची पानं एकावर एक ठेवावीत तसे थर होते. काही बोटाएवढे जाड, काही सुपारीच्या खापेइतके पातळ. प्रत्येक थर म्हणजे एकेक मोठा पूर. आबांनी एक ढेकूळ घेतलं, तांब्यातल्या पाण्याने भिजवलं, मळलं आणि अंगठा व बोटाच्या चिमटीतून त्याची पट्टी काढली. पट्टी दोन इंच लांब झाली तरी तुटली नाही. मग माझ्या खड्ड्यातली माती तशीच भिजवली. तिची पट्टी होईना, गोळीसुद्धा फुटली. ती त्यांनी माझ्या कानाशी धरून बोटांत चोळली. करकर आवाज आला, वाळूचा. कॉलेजात ही चाचणी मी परीक्षेपुरती लिहिली होती. हाताला आणि कानाला ती त्या संध्याकाळी कळली.

अडचण अशी की चांगला गाळ होता नेमका भरावाच्या जवळ, आणि भरावाजवळ मनमानी खोदलं तर त्याचा पायथा उघडा पडतो, पावसाळ्यात भराव खचू शकतो. सकाळी जलसंधारणचे अभियंते आले. त्यांनी भरावापासून अंतर मोजून चुन्याची रेषा ओढली. तिच्या पलीकडे बकेट जायची नाही. रेषेच्या अलीकडे पुन्हा सात खड्डे घेतले. हाती लागणारा चांगला गाळ सहा हजारांवर आला.

मग ग्रामसभा. मी वही उघडून क्षेत्राच्या प्रमाणात वाटणी वाचायला लागले, तेव्हा एक ताई उठून म्हणाल्या, “ज्याची जमीन काळी आहे त्याला गाळ कशाला?” त्यांचं बरोबर होतं. भारी जमिनीवर चिकण गाळ टाकला तर निचरा आणखी बिघडतो. यादीतली नऊ नावं तिथेच कमी झाली. मुरमाड जमिनीला आधी, एकट्या बाईच्या शेताला सगळ्यांत आधी आणि कोणालाही एक एकरापेक्षा जास्त नाही, असा ठराव झाला. हे नियोजन गावाने केलं. माझं काम लिहून घेण्याचं होतं.

तिसऱ्या दिवशी मात्र चूक झाली आणि ती माझी होती. मी कागदपत्रांसाठी तालुक्याला गेले होते. किती खोल जायचं, ते मी तोंडी सांगितलं होतं. दुपारी चालक बदलला आणि नव्या माणसाने गाळ संपल्यावरही हात थांबवला नाही. पिवळट मुरूम आणि गाळ एकत्र होऊन पस्तीस-चाळीस ट्रॉल्या गेल्या, त्याही यादीत पहिल्या असलेल्या त्या एकट्या बाईच्या शेतात. संध्याकाळी मी पोचले तेव्हा ट्रॅक्टरच्या फळीने ते सगळं पसरून झालं होतं. तिच्या शेतात मुळात पाच इंच माती होती. आता ती मुरमाखाली गेली होती. ती बाई काही बोलली नाही. खाली वाकून एकेक दगड उचलत बांधाकडे टाकत राहिली. मीही वाकले. त्या रात्री मला झोप आली नाही.

एकदा मिसळलेली माती वेगळी करता येत नाही. गव्हातले खडे निवडता येतात, मातीतला मुरूम येत नाही. आम्ही वरचा थर खरवडून काढला, पण त्याबरोबर तिची स्वतःची दोनेक इंच मातीही गेली. पुढे तिच्या शेतात ठरलेल्यापेक्षा जास्त गाळ टाकून भरपाई केली. दुसऱ्या दिवसापासून तलावात दर दहा मीटरवर खुंट्या ठोकल्या, प्रत्येक खुंटीवर तिथल्या गाळाची खोली तांबड्या रंगाने लिहिली, आणि एक माणूस बकेटसमोर सतत उभा केला. पांढरट-पिवळा रंग दिसला की हात वर करायचा, यंत्र थांबायचं.

ट्रॉल्यांचा हिशेबही जुळत नव्हता. तलावात मोजलेले शंभर घनमीटर ट्रॉलीत भरले की सव्वाशेच्या आसपास होतात, कारण खोदलेली माती फुगते. शेतात पाऊस पडला की ती पुन्हा बसते. शेतकरी म्हणायचे, चार इंच सांगून तीनच दिले. आम्ही कागद दाखवायचो. शेवटी थर सुटा असताना पाच इंच मोजायचा असं ठरलं, तेव्हा वाद मिटले.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसले, ते तलावात घडलं नाही. तलावाच्या खालच्या अंगाला एका नानांचं शेत आहे. त्यात वीस गुंठ्यांचा, पाच फूट खोल खड्डा. काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या भरावासाठी त्यांनी तिथला मुरूम दिला होता. पैशांची गरज होती, घरात लग्न होतं. ठेकेदाराच्या माणसांनी पंधरा दिवसांत खड्डा केला. वरची माती वेगळी काढली नाही, ती मुरमाबरोबर रस्त्याखाली गेली. नानांनी मला विचारलं, “ताई, ह्याचं पुन्हा शेत होईल का?”

मी हो म्हणाले आणि रात्री हिशेब मांडला तेव्हा घाबरले. वीस गुंठे, पाच फूट खोल: तीन हजार घनमीटर. अख्ख्या तलावातल्या चांगल्या गाळाच्या निम्मा! तोच हिशेब उलटा केला. खोदण्याआधी वरची एक फूट माती काढून ठेवली असती तर ती सहाशे घनमीटर झाली असती. यंत्राचं एक-दोन दिवसांचं काम आणि ढीग ठेवायला शेताच्या कडेला चार-पाच गुंठे जागा. राष्ट्रीय महामार्गांच्या कामाच्या ठरलेल्या अटींमध्ये वरची माती आधी काढून जपून ठेवायची तरतूद आहे, ढीग दोन मीटरपेक्षा उंच करायचा नाही असंही त्यात आहे. फार उंच ढिगाच्या पोटात हवा जात नाही आणि मातीतले जीव मरतात. पण खाजगी शेतातून, तोंडी व्यवहाराने मुरूम उचलला जातो तिथे ही अट कोण वाचतो?

त्याच आठवड्यात आमच्या संस्थेत प्रशिक्षणाला चंद्रपूरकडचे एक निवृत्त खाण अभियंते आले होते. मी त्यांना खड्ड्याचा नकाशा दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “शेवटी इथे काय हवंय?” मी म्हटलं, शेत. ते म्हणाले, “सगळीकडे?” मग त्यांनी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या तेल-वाळूच्या खाणींबद्दल सांगितलं. तिथे वाळूच्या कणांना डांबरासारखं घट्ट तेल चिकटलेलं असतं. ते काढायला आधी जंगल आणि दलदल उचलावी लागते. दलदलीतला अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर, त्याखालची माती आणि त्याखालचा भरड थर, सगळं वेगवेगळं काढायचं, वेगवेगळं ठेवायचं आणि उलट्या क्रमाने परत घालायचं. जमीन पूर्वीइतक्याच क्षमतेची झाली पाहिजे, असा तिथला नियम आहे. सिंक्रूड या कंपनीच्या गेटवे हिल नावाच्या १०४ हेक्टरांच्या टेकडीला २००८ मध्ये सरकारने तसं पहिलं प्रमाणपत्र दिलं. झाडं लावायला सुरुवात झाल्यापासून पाव शतक गेलं होतं आणि एकूण खोदलेल्या जमिनीच्या मानाने तो तुकडा फारच लहान. एवढा पैसा, एवढी यंत्रं, तरी ही गत. शिवाय तेल निघून गेल्यावर सगळे खड्डे भरायला माल पुरत नाही, म्हणून शेवटचे खड्डे तळी म्हणून राखायचं तिथे आधीच ठरवतात.

हे शेवटचं वाक्य ऐकून माझ्या डोक्यातला गुंता सुटला. मी अख्खा खड्डा भरायला निघाले होते. नानांबरोबर पुन्हा खड्ड्यात उतरले. पश्चिमेचे आठ गुंठे जास्त खोल होते, तिथे पाणी साचायचंच. ते शेततळं म्हणून सोडायचं आणि उरलेले बारा गुंठे शेत करायचे, तेही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन फूट खाली ठेवून. म्हणजे भरायचे फक्त तीन फूट: खाली दोन फूट दगड-मुरूम, वर एक फूट गाळ.

दगड-मुरूम कुठून आणायचा? तो गावात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होता. प्रत्येक विहिरीच्या काठावर तिच्या उपशाचा ढीग असतो, वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला, बाभळी उगवलेला. चार विहिरींचे ढीग मालकांनी आनंदाने दिले, त्यांचीही जागा मोकळी झाली. गाळाचं अवघड होतं. बारा गुंठ्यांवर एक फूट थर म्हणजे ३७० घनमीटर, जवळजवळ पूर्ण एकराचा वाटा. नानांनी आपला सगळा वाटा त्या बारा गुंठ्यांत घालायचं कबूल केलं. त्यांच्या बाकीच्या शेताला एक पाटीही मिळाली नाही. खड्ड्याची किंमत मला तेव्हा कळली.

भरताना त्या खाण अभियंत्यांनी फोनवरून तीन गोष्टी सांगितल्या. मोठे दगड तळाला, बारीक वर. नाहीतर पहिल्याच पावसात गाळ दगडांच्या फटींतून खाली जाईल. प्रत्येक थरावर भरलेला ट्रॅक्टर फिरवून दाबायचं. नाहीतर जमीन खचून खळगे पडतील. पण सगळ्यात वरचा मुरमाचा थर गाळ टाकण्याआधी नांगराने पुन्हा उकरायचा. दाबा आणि मग उकरा? मला हे उलटसुलट वाटलं. नानांना वाटलं नाही. “कडक जमिनीवर नवी माती सुटीच राहते,” ते म्हणाले, “मधे पाणी थांबतं, मूळ खाली जात नाही. ओट्याला नवा लेप देताना जुना खरवडून घेतात ना, तसं.”

मेच्या शेवटी गाळ पसरून झाला. उन्हात वाळून तो विटेसारखा झाला, ढेकळं पायाला बोचत होती. मला वाटलं, संपलं काम. तेव्हा नानांच्या घरच्या माई सुनेला घेऊन आल्या. दोघींच्या डोक्यावर पाट्या. शेताच्या कडेच्या जुन्या निंबाखालची, कधी न हललेली काळपट माती त्यांनी आणली होती. मूठ-मूठ ती सगळ्या गाळावर भिरकावत गेल्या. मी विचारलं, एवढ्याशा मातीने काय होणार? माई म्हणाल्या, “दुधाला विरजण किती लागतं?”

मी गप्प झाले. तलावाच्या तळात वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिलेला गाळ बारीक असतो, कसदार असतो, पण मुळांना साथ देणारे जीव त्यात फार नसतात. नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मॅंगनीज खाणीच्या उघड्याबोडक्या ढिगाऱ्यांवर झाडी उभी केली, ती साखर कारखान्याचं प्रेसमड घालून आणि मुळांना उपयोगी जिवाणू सोडून. पाटीतून आलेलं हे विरजण त्याच वाटेचं. पुढच्या सगळ्या शेतांच्या नियोजनात मी ‘बांधावरची माती, दोन पाट्या, शेणखताबरोबर’ अशी ओळ घालू लागले.

मातीची अशी किंमत कळल्यावर जिल्ह्यातलं आणखी एक दुःख मला वेगळं दिसू लागलं. याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, सरदार सरोवराच्या पाण्याने नर्मदाकाठच्या ३३ गावांना तडाखा दिला. काठावरच्या पोयट्याच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या विस्थापितांच्या वसाहतींतून जाताना आता मला घरं, रस्ते याआधी जमीन दिसते, तिचा रंग दिसतो. घर हलवताना कौलं, दारं, खांब उतरवून नेता येतात. काठाची माती कोणाला नेता आली नाही.

पहिल्या पावसाळ्यात नानांनी त्या बारा गुंठ्यांत काहीच पीक घेतलं नाही. ताग पेरला आणि फुलावर येताच गाडला. एका कोपऱ्यात जमीन वीतभर खचली, ती पुन्हा भरली. शेततळ्यात दिवाळीपर्यंत पाणी होतं. यंदा तिथे बाजरी आहे. मधल्या पट्ट्यात ती माझ्या खांद्याला लागते. ज्या कडेला गाळ कमी पडला तिथे गुडघ्याएवढी आहे, कणसं बोटभर. जमीन पूर्वीसारखी झाली असं नाना म्हणत नाहीत. “शेत झालं,” एवढंच म्हणतात.

तुमच्या शेतातून कोणी मुरूम मागायला आलं, तर भावाची बोलणी करण्याआधी कागदावर एक ओळ लिहून घ्या: वरची एक फूट माती आधी काढून वेगळी ठेवायची, ढीग माणसाच्या उंचीपेक्षा मोठा करायचा नाही, आणि काम संपल्यावर ती त्याच जागी परत पसरून द्यायची. सही झाल्याशिवाय यंत्र बांधाच्या आत घेऊ नका.